मुंबईत पहिली प्रोजेक्ट कार: गाडी निवडण्यापासून पहिल्या अपग्रेडपर्यंत

जुनी पण धडधाकट गाडी स्वस्तात घ्यायची आणि पगाराला झेपेल तसं तिचं पिकअप, ब्रेक, वळणावरची पकड सुधारत न्यायची, हा नाद मुंबईत बऱ्याच जणांना आहे. घोळ होतो तो पहिल्याच पायरीवर. लोक आधी बीएचपीचे, म्हणजे इंजिनाच्या ताकदीचे, आकडे बघतात, मग त्या आकड्याची सगळ्यात स्वस्त टर्बो (इंजिनात जादा हवा कोंबून ताकद वाढवणारी) गाडी शोधतात, आणि वर्षभरात ती सोसायटीच्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली जाते. पहिल्या गाडीच्या बाबतीत माझं मत असं: उभी करायला जागा, स्वच्छ कागद आणि गल्लीत मिळणारे सुटे भाग, हे तीन जमत असेल तरच गाडी घ्या. ताकद कितीही कमी असली तरी चालेल, ती पुढे वाढवता येते.

व्हिंटेज गाडीचा जीर्णोद्धार हा निराळा विषय, तो इथे नाही. रस्त्यावर चालवायची, कधीतरी ट्रॅकवर न्यायची आणि परवडणारी गाडी, एवढंच बोलू.

१. गाडीच्या आधी जागा आणि मेकॅनिक

गाडी उघडली की ती सुट्या भागाची वाट बघत दोन दिवस उभी राहते, कधी दोन आठवडे. सोसायटीत तुमच्या नावाचं पार्किंग असलं तरी जॅकवर चढवलेली गाडी आणि तिच्याखाली झोपलेला माणूस सेक्रेटरींना रुचेलच असं नाही. फरशीवर ऑइल सांडलं की पुढच्या मीटिंगमध्ये तुमचं नाव निघतं. रस्त्यावर चाकं काढून ठेवलेल्या गाडीवर पालिका बेवारस वाहनाची नोटीस चिकटवते.

म्हणून आधी ठरवा. घरच्या पार्किंगमध्ये ऑइल, फिल्टर, प्लग, ब्रेक पॅड एवढी कामं आरामात होतात. त्यापुढच्या कामाला गॅरेज हवं, किंवा दोन-तीन मित्रांनी मिळून वसई, भिवंडी, पनवेलकडे भाड्याने घेतलेला गाळा. घरात ही एकच गाडी असणार असेल तर सोपा नियम: सकाळी उघडलेली गाडी संध्याकाळी पुन्हा चालती झाली पाहिजे, तेवढीच कामं हातात घ्यायची.

मेकॅनिकही गाडीच्या आधीच शोधा. दोन-तीन मॉडेलची नावं घेऊन त्याच्याकडे जा आणि विचारा, यातलं कुठलं इंजिन तुम्ही जास्त खोललंय? ज्या नावाला तो ‘आणा, बघू’ म्हणतो ते यादीतून काढा. ज्या नावाला तो कुठल्या किलोमीटरला काय जातं हे न विचारता सांगायला लागतो, ती तुमची गाडी.

२. पैशांची वाटणी

हातात चार लाख असतील तर गाडी दोनची बघा. मुंबईत यावर सगळे हसतात, पण हिशेब करा. ट्रान्सफर आणि विमा आला. घेतल्या घेतल्या करायची साठलेली सर्व्हिसिंग आली: क्लच, शॉकअप, बुश (सांध्यांतले रबर), होज (रबरी नळ्या), बॅटरी. टायर बहुतेक वेळा बदलावेच लागतात. यात साधारण लाख-सव्वा लाख जातात, आणि उरलेल्या पैशात खरं अपग्रेड होतं. पैसे कमी असतील तर गाडीची किंमत खाली आणा, सर्व्हिसिंगची नको.

कर्ज काढून प्रोजेक्ट कार घेऊ नये. हप्ता चालू असताना महागडी सर्व्हिसिंग पुढे ढकलली जाते आणि आरसीवर बँकेचा बोजा राहतो.

३. काय बदलता येतं, ते घेण्याआधी समजून घ्या

मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ सांगतं की उत्पादकाने दिलेल्या आणि आरसीवर नोंदलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाने गाडीत करू नये. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेच पक्कं केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ नुसार अशा प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं.

व्यवहारात याचा अर्थ असा. मूळ मापाचे चांगले टायर, चांगले ब्रेक पॅड, मूळ उंचीचे शॉकअप, नवे बुश यांना कुणी हात लावत नाही. रंग बदलायचा किंवा गॅस किट बसवायचं तर आरटीओची परवानगी आणि आरसीवर नोंद लागते. दुसऱ्या जातीचं इंजिन टाकणं पहिल्या गाडीसाठी विसराच. काळ्या फिल्मचा विषय २०१२ पासून बंद आहे. पुढच्या-मागच्या काचेतून ७० टक्के आणि बाजूच्या काचेतून ५० टक्के उजेड आलाच पाहिजे, आणि वरून फिल्म लावायलाही त्या वर्षीच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने मनाई केली. मोठ्या आवाजाचा सायलेन्सर म्हणजे नाक्यावरच्या हवालदाराला स्वतःहून दिलेलं आमंत्रण. कॅट, म्हणजे एक्झॉस्टमधला धूर स्वच्छ करणारा भाग, काढून टाकला तर पीयूसीचाही प्रश्न येतो.

रीमॅप, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरचं सॉफ्टवेअर बदलणं, बाहेरून दिसत नाही म्हणून तो सगळ्यांना सुरक्षित वाटतो. वॉरंटी आणि विम्याच्या दृष्टीने तो बदलच आहे. जे काही कराल ते विमा कंपनीला लेखी कळवून पॉलिसीवर नोंदवून घ्या. न सांगितलेल्या बदलावरून क्लेम अडू शकतो.

४. कुठली गाडी

माझ्या कसोट्या चार. गाडी मॅन्युअल हवी. हलकी हवी, हजार किलोंच्या आसपास. तेच इंजिन कंपनीच्या इतर चार गाड्यांत वापरलेलं हवं. आणि त्याच मॉडेलचा मोठा व्हेरियंट हवा, ज्याचे ब्रेक, चाकं, सीट आपल्या लहान व्हेरियंटला लागतील.

चौथी कसोटी सगळ्यात कमी लोक लावतात, आणि स्वस्तात सर्वाधिक फायदा तिथेच आहे. स्विफ्टच्या दुसऱ्या पिढीतल्या खालच्या व्हेरियंटला १६५/८० आर१४ टायर (रुंदी, उंचीचं प्रमाण, रिमचे इंच) होते आणि वरच्या झेडएक्सआयला १८५/६५ आर१५. दोन्ही चाकांचा बाहेरचा व्यास मोजला तर सुमारे ६२० आणि ६२१.५ मिलिमीटर येतो. म्हणजे स्पीडोमीटर खोटं बोलत नाही, गिअरिंग बदलत नाही, चाक कुठे घासत नाही आणि माप कंपनीनेच मंजूर केलेलं आहे. अशी चार अलॉय चाकं जुन्या बाजारात मिळतात. पकडीतला फरक पहिल्याच वळणावर कळतो.

आता नावं.

*मारुती स्विफ्ट, पेट्रोल.* पहिल्यांदाच हे करणाऱ्याला मी डोळे मिटून हीच सांगतो. २००५ ची पहिली १.३ लिटरची, २०१० पासून १.२ के-सीरिज. दोन्हींची ताकद ८५ बीएचपीच्या आसपास, म्हणजे कागदावर काहीच नाही. पण के-सीरिजला टायमिंग चेन आहे (पट्ट्यासारखी ठरावीक काळाने बदलावी लागत नाही), भाग कुठल्याही नाक्यावर मिळतात, आणि गाडी मुळातच वळायला चपळ आहे. २०१८ ची तिसरी पिढी आधीच्यापेक्षा सुमारे शंभर किलोंनी हलकी. शंभर किलो कमी करायला तुम्ही स्वतः गेलात तर गाडीत सीटसुद्धा उरणार नाही.

*स्विफ्ट, रिट्झ, पुंटो यांचं १.३ डिझेल.* फियाटचं मल्टिजेट इंजिन. मारुती, फियाट, टाटा अशा तिन्ही घरांत वापरलं गेल्याने त्याला अनेक जण देशाचं डिझेल इंजिनच म्हणतात. मूळ ताकद ७५ पीएस (बीएचपीच्या जवळपासचंच माप) आणि टॉर्क, म्हणजे ओढण्याचा जोर, साधारण १९० न्यूटन मीटर. टर्बो असल्याने नुसत्या रीमॅपने ताकदीत वीस-पंचवीस टक्के वाढ मिळते. २,००० आरपीएमच्या खाली मात्र गाडी झोपलेली असते, आणि अंधेरी ते घाटकोपर तुम्ही २,००० च्या खालीच असता. मारुतीने २०२० मध्ये डिझेल बंद केलं, तरी भागांची चणचण नाही. आणखी एक गोष्ट डोक्यात ठेवा: मुंबई महानगरात पेट्रोल-डिझेल गाड्या टप्प्याटप्प्याने बंद करता येतील का हे पाहायला राज्य सरकारने जानेवारी २०२५ मध्ये समिती नेमली आहे. जुनं डिझेल दहा वर्षं सांभाळायच्या हिशेबाने घेऊ नका.

*मारुती बलेनो आरएस.* २०१७ ते २०२० दरम्यान विकली गेली, १ लिटर टर्बो पेट्रोल, १०२ पीएस, मागेही डिस्क ब्रेक. कमी विकली गेल्याने शोधावी लागते, पण बाकीची गाडी साध्या बलेनोचीच असल्याने सांभाळायला सोपी. बजेट थोडं ताणता येत असेल तर माझा कल इकडे.

*फोर्ड फिगो १.५ डिझेल.* १०० पीएस, २१५ न्यूटन मीटर आणि स्टेअरिंग असं की चालवून आल्यावर स्विफ्ट विसराल. फोर्डने सप्टेंबर २०२१ मध्ये भारतातलं उत्पादन थांबवत असल्याचं जाहीर केलं. सर्व्हिसचे भाग मिळतात, बॉडीचे भाग शोधावे लागतात. दुसरी गाडी घरात असेल तरच.

*फोक्सवॅगन पोलो.* २०१३ च्या जीटी टीएसआयला सात गिअरचा डीएसजी, म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, आहे. मॅन्युअल हवा ही माझी कसोटी ती तिथेच चुकते, आणि कोरड्या क्लचच्या त्या गिअरबॉक्सला मुंबईचं रेंगाळतं ट्रॅफिक मानवत नाही. तिचं दुरुस्तीचं बिल गाडीच्या किमतीशी स्पर्धा करू शकतं. २०२० नंतरची १ लिटर टीएसआय मॅन्युअल फार छान, पण ‘परवडणारी’ या शब्दात ती बसत नाही.

*एस्टीम, झेन, जुनी होंडा सिटी व्हीटेक, पॅलिओ १.६.* या गाड्यांवर माझा जीव आहे आणि तरीही पहिली गाडी म्हणून मी त्या सुचवत नाही. एस्टीमसारखी हलकी, ८५ बीएचपीची सेडान आज कुणी बनवत नाही. १०६ बीएचपीची सिटी तर दंतकथाच झालीय. पण या सगळ्या १५ वर्षांपलीकडच्या. नोंदणीचं नूतनीकरण, ग्रीन टॅक्स आणि फिटनेस करावा लागतो. खारी हवा, वीस पावसाळे आणि सडका पत्रा हे वेगळंच. रबरी भाग एकेक करत जातात. या गाड्यांना मालक लागतो तो हात काळे केलेला.

*ऑक्टेव्हिया आरएस आणि तत्सम.* दीडशे पीएसची २००४ ची गाडी दोन-अडीच लाखांत दिसली की हात शिवशिवतात. ती स्वस्त का आहे हे विकणाऱ्याला माहीत असतं.

५. ‘एवढी स्वस्त कशी?’ याची चार उत्तरं

*दिल्लीची गाडी.* दिल्ली-एनसीआरमध्ये डिझेलला दहा आणि पेट्रोलला पंधरा वर्षांची मर्यादा लागू झाल्यापासून तिकडच्या गाड्या पडेल भावात इकडे येतात. गाडी उत्तम असू शकते. पण एनओसी, महाराष्ट्राचा रोड टॅक्स आणि नवा नंबर धरल्यावर स्वस्ताई बरीचशी वितळते. विकणारा ‘एमएच पासिंग करून देतो’ म्हणत असेल तर पासिंग झाल्यावर पैसे द्या.

*पुरात बुडालेली.* सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये अचानक चकाचक, ताजं शॅम्पू केलेल्या गाड्या बाजारात येतात. पाणी आत गेलेल्या गाडीचं वायरिंग वर्षभराने त्रास द्यायला लागतं, तोवर ती तुमची झालेली असते.

*टॅक्सीतून खासगी केलेली.* आरसीचा इतिहास सांगतो. मीटर काय दाखवतं याला तिथे अर्थ नाही.

*गॅसवर फिरलेली.* मुंबईतली ही खास अडचण. वर्षानुवर्षं सीएनजीवर चाललेल्या इंजिनात व्हॉल्व्ह आणि व्हॉल्व्ह सीट झिजतात, आणि हेच इंजिन तुम्ही उद्या ७,००० आरपीएमला नेणार आहात. किट काढून विकलेली गाडी ओळखायची तर डिकीची मॅट उचला. सिलिंडरच्या ब्रॅकेटची भोकं दिसतात. इनटेक मॅनिफोल्डवर बंद केलेली नोझलची भोकं असतात. आरसीवर इंधनाच्या रकान्यात काय लिहिलंय तेही पाहा.

आधीच ‘मॉडिफाय’ केलेल्या गाडीबद्दल स्वतंत्र सांगतो. विकणारा म्हणेल, दीड लाखाची कामं फुकट मिळताहेत. ती कुणी केली, रीमॅपची कुठली फाइल टाकली, मूळ भाग कुठे आहेत, याची उत्तरं कागदावर नसतील तर पुढे चला. तुम्हाला दुसऱ्याचे प्रयोग सांभाळायचे नाहीत.

६. कागद

टोकन देण्याआधी हे बघा, फोटो नाही, मूळ प्रत:

- आरसी. चेसिस नंबर आणि इंजिन नंबर गाडीवरच्या नंबरांशी स्वतः जुळवा.
- एमपरिवहन या सरकारी ॲपवर मालकाचा क्रम, फिटनेसची तारीख, विमा, बँकेचा बोजा.
- ई-चलन. मुंबईच्या गाडीवर हजारो रुपयांचे दंड साठलेले असणं नवलाचं नाही. ते फेडून पावती द्या म्हणावं.
- बोजा असेल तर फॉर्म ३५ (बोजा उतरवण्याचा अर्ज) आणि बँकेची एनओसी. ‘कर्ज फिटलंय, फक्त कागद बाकी आहे’ या वाक्यावर विश्वास नको.
- विम्याचा क्लेम इतिहास. एकदम मोठा क्लेम म्हणजे मोठा अपघात किंवा पाणी.
- पीयूसी आणि सर्व्हिसची बिलं. बिलांवरचे किलोमीटर क्रमाने लावून बघा.
- हाय सिक्युरिटी नंबर प्लेट बसली आहे का.

गाडी १५ वर्षांकडे झुकली असेल तर नूतनीकरणाचा खर्च किमतीतून वजा करा. मोटारीच्या नूतनीकरणाचं शुल्क एप्रिल २०२२ पासून ५,००० रुपये आहे, २० वर्षांवरच्या गाडीला २०२५ पासून १०,०००. ग्रीन टॅक्स वेगळा, फिटनेससाठी करावं लागणारं काम वेगळं. नूतनीकरण पाच वर्षांचं मिळतं.

७. बघायला जाताना

सोबत न्या: टॉर्च, छोटं चुंबक, फडकं, ओबीडी स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र), टायरच्या हवेचा गेज आणि मेकॅनिक. मेकॅनिकला दिवसाची मजुरी द्या, मित्र म्हणून फुकट नेऊ नका. फुकट आलेला माणूस लवकर कंटाळतो. ओबीडीचा स्वस्त ब्लूटूथ डोंगल २०१३ नंतरच्या गाड्यांवर नीट चालतो, त्याआधीच्या गाडीत काही कळेल याची खात्री नाही.

सकाळी जा, आणि आधीच सांगून ठेवा की गाडी सुरू करून ठेवू नका. थंड इंजिन खरं बोलतं. बॉनेटवर हात ठेवून बघा, गरम लागलं तर गप्पा मारत थांबा.

पत्र्यापासून सुरुवात करा. चुंबक दारांच्या खालच्या कडेला, मागच्या चाकांच्या कमानींना, छताच्या खांबांना लावा. जिथे चिकटत नाही तिथे खाली लांबी (पुट्टी) भरलेली आहे. बॉनेटखाली शॉकअपच्या टॉवरचे वेल्ड, पुढची चेसिसची टोकं. मग डिकीत स्टेपनी काढून खालचा पत्रा. वरळी, वांद्रे, वर्सोवा भागात समुद्राकाठी उघड्यावर उभ्या राहणाऱ्या गाड्यांचा तळ जास्त खाल्लेला असतो, म्हणून शक्य असेल तर गाडी लिफ्टवर घ्याच. पुढची सगळी दुरुस्ती पैशाने होते, पण सडलेली चेसिस सरळ करण्यात अर्थ नाही.

पाण्याच्या खुणा शोधायला सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढा, शेवटच्या फुटावर गाळाची रेघ असते. स्टेपनीच्या खळग्यात, सीटच्या रुळांवर, फ्यूज बॉक्सच्या मागे टॉर्च मारा. उग्र अत्तर फवारलेल्या गाडीत खिडक्या बंद करून पाच मिनिटं बसा.

इंजिन. ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ चिकटा असेल तर हेड गॅस्केटची (इंजिनाच्या वरच्या सांध्यातल्या सीलची) शंका. कूलंट काढायला सांगू नका, नुसता रंग बघा. साधं पाणी भरलेलं असेल तर ती गाडी कशी सांभाळली गेली हे तुम्हाला कळलं. इंजिन चालू असताना ऑइलचं झाकण उघडा, कूलंटचं नव्हे. दमदार धूर येत असेल तर पिस्टनच्या रिंगा गेल्या. निर्णयाच्या जवळ आलात की कॉम्प्रेशन टेस्टचा (प्रत्येक सिलिंडरमधला दाब मोजण्याचा) आग्रह धरा. चारही सिलिंडरच्या आकड्यांत दहा टक्क्यांपेक्षा जास्त फरक असेल तर किंमत नाही, गाडीच सोडा. ज्या इंजिनाला आपण पुढे ताण देणार आहोत ते आज निरोगी हवं.

टायरवर डॉट अक्षरांच्या शेवटी चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. चारही टायर वेगवेगळ्या कंपन्यांचे असतील तर मालक कसा आहे तेही समजतं.

८. चालवून बघणं

रात्रीच्या मोकळ्या रस्त्यावर टेस्ट ड्राइव्ह घेऊ नका. दुपारी, एसी लावून, जेव्हीएलआर (जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोड) सारख्या ट्रॅफिकमध्ये अर्धा तास. तापमानाचा काटा हलतो का, पंखा वेळेवर लागतो का, क्लच जड होतो का, हे तिथेच कळतं. फ्लायओव्हरच्या चढावर चौथ्या गिअरमध्ये कमी वेगावरून पाय दाबा. आरपीएम चढतं पण वेग चढत नसेल तर क्लच प्लेट संपली. खराब रस्त्यावर खिडक्या खाली करून हळू जा: पुढून ठकठक म्हणजे सस्पेन्शनचा लिंक रॉड किंवा लोअर आर्म गेला. सरळ रस्त्यावर ब्रेक दाबून गाडी एका बाजूला ओढते का बघा. तिसऱ्या गिअरमध्ये वेग घेऊन एकदम पाय काढा आणि आरशात धूर बघा.

९. व्यवहार

गाडी नावावर करायला लागतात: फॉर्म २९ च्या दोन प्रती, फॉर्म ३०, आरसी, चालू विमा, पीयूसी, दोघांचे ओळख आणि पत्त्याचे पुरावे, पॅन, फोटो आणि चेसिस नंबरचा पेन्सिल प्रिंट. अर्ज परिवहनच्या पोर्टलवर होतो. तुमच्या पत्त्यानुसार ताडदेव, अंधेरी, वडाळा किंवा बोरिवलीचं आरटीओ येईल. गाडी राज्यातल्या दुसऱ्या आरटीओकडची असेल तर एनओसी लागते का ते आधीच विचारून घ्या. पूर्ण पैसे ट्रान्सफरच्या पावतीआधी देऊ नका. चाळीस-पन्नास हजार शेवटपर्यंत राखून ठेवा.

विमा तुमच्या नावावर १४ दिवसांत करून घ्यायचा असतो. आधीच्या मालकाचा नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) तुम्हाला मिळत नाही, म्हणून हप्ता वाढलेला दिसेल.

१०. पहिले काही महिने काहीही वाढवू नका

सगळी तेलं बदला: इंजिन, गिअर, ब्रेक, कूलंट. फिल्टर, प्लग, पट्टे. ब्रेक फ्लुइड हवेतली ओल शोषतं, आणि मुंबईच्या दमटपणात दोन वर्षांवर ते ठेवूच नये. चांगलं डॉट ४ घाला. इंजिनाचे माउंटिंग आणि सस्पेन्शनचे बुश नवे झाले की अर्ध्या लोकांना वाटतं गाडीची ताकद वाढली.

पंपावर आता मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं. जुन्या गाडीचे इंधनाचे रबरी पाइप, ओ-रिंग आणि पंप एकदा तपासून घ्या. पेट्रोलचा वास आला तर उद्यावर ढकलू नका.

या काळात गाडी रोज वापरा. तिच्यात नेमकं काय कमी पडतंय ते तुम्हालाच कळेल, आणि बऱ्याचदा ते इंजिन नसतं.

११. मग या क्रमाने

टायर. मग ब्रेक पॅड आणि डिस्क. मग शॉकअप, मूळ उंचीचेच. दुसऱ्या पिढीच्या स्विफ्टचा ग्राउंड क्लिअरन्स १७० मिलिमीटर. तो तीस मिलिमीटरने कमी केला की सोसायटीच्या गेटचा स्पीडब्रेकरच तुमची रोजची शर्यत होते. खाली बसवलेली गाडी फोटोत देखणी दिसते हे मान्य.

एअर फिल्टर मूळ डब्यातच चांगला घाला. बाहेरून विकत मिळणारी थंड हवेची नळी बंपरच्या मागे खाली सोडतात. दादर, हिंदमाता, मिलन सबवे, अंधेरी सबवे अशी पावसात तुंबणारी ठिकाणं असलेल्या शहरात ही नळी म्हणजे इंजिनाला लावलेली स्ट्रॉ आहे. एक घोट पाणी सिलिंडरमध्ये गेलं तर कनेक्टिंग रॉड वाकतो, कारण पाणी दाबलं जात नाही. बॉनेटखाली उघडा लावलेला कोनच्या आकाराचा फिल्टरही कामाचा नाही, तो मे महिन्याच्या ट्रॅफिकमध्ये इंजिनाचीच गरम हवा ओढतो. गाडीच्या कंपनीने इनटेकचं तोंड वर ठेवलं त्यामागे विचार होता.

एक्झॉस्ट मी शेवटी ठेवतो. टर्बो नसलेल्या छोट्या इंजिनाला जाड पाइप लावला की आवाज वाढतो आणि खालचं पिकअप जातं. दुसऱ्या गिअरमध्ये चढ घेताना हे जाणवतं.

रीमॅपच्या अपेक्षा जमिनीवर ठेवा. टर्बो नसलेल्या पेट्रोलला पाच ते आठ टक्के आणि थोडा तरतरीत थ्रॉटल, एवढंच. टर्बोला वीस ते तीस टक्के. ट्यूनरकडे आधीचा आणि नंतरचा डायनो (ताकद मोजणाऱ्या यंत्राचा रिपोर्ट) मागा, आपल्या पंपावरच्या पेट्रोलसाठी फाइल करा म्हणावं, आणि मूळ फाइलची प्रत स्वतःकडे घ्या. ‘चाळीस बीएचपी वाढवून देतो’ असं डायनो न दाखवता सांगणाऱ्याकडून चहा पिऊन निघा. डिझेलला टॉर्क वाढला की जुना क्लच महिन्या-दोन महिन्यांत घसरायला लागतो, त्याचे पैसे रीमॅपच्या पैशातच धरा.

१२. भाग कुठे, पळवायची कुठे

नवे भाग ऑपेरा हाऊसच्या ऑटो स्पेअरच्या दुकानांत. जुनी अलॉय, सीट कुर्ल्याच्या कपाडिया नगर आणि सीएसटी रोडच्या पट्ट्यात. हत्यारं आणि नट-बोल्ट नागदेवी स्ट्रीटला. वापरलेला भाग घेताना बिल मागा, नंबर असलेला भाग बिलाशिवाय घेऊ नका. ब्रेक, स्टेअरिंग आणि सीटबेल्ट यांचं काहीही जुनं घ्यायचं नाही. डिस्क आणि कॅलिपर मोठ्या व्हेरियंटचे हवे असतील तरी नवेच घ्या. पार्ट नंबर आधी कंपनीच्या काउंटरवरून लिहून आणा, कारण ‘हेच लागतं’ असं सगळेच सांगतात.

सी लिंकवर वेगमर्यादा ताशी ८० किलोमीटर आहे आणि कॅमेरे जागे असतात. कोस्टल रोडवर रात्री गाड्या पळवणाऱ्यांमुळे आसपासच्या रहिवाशांची झोप उडते, आणि त्यांच्या तक्रारींचा त्रास पुढे आपल्या सगळ्यांनाच होतो. वेग बघायचाच असेल तर एफएमएससीआय या देशातल्या मोटरस्पोर्टच्या संघटनेच्या मान्यतेने होणाऱ्या ऑटोक्रॉस (आखलेल्या वळणांवर घड्याळाविरुद्ध धावणं) आणि ड्रॅग (सरळ पट्ट्यावरच्या) स्पर्धा आहेत. अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवर अशा ड्रॅग शर्यती होत आल्या आहेत. ट्रॅक डेसाठी कोइम्बतूरचा कारी मोटर स्पीडवे किंवा चेन्नईजवळचा इरुंगट्टुकोट्टईचा ट्रॅक. तिथे गाडीची तांत्रिक तपासणी होते. आयोजकांची हेल्मेट आणि इतर सुरक्षेच्या साधनांची यादी आधी मागवून घ्या. साध्या मोटार विम्यात शर्यत आणि वेगचाचणी वगळलेली असते, त्यामुळे ट्रॅकवर काही झालं तर खर्च पूर्ण तुमचा. जाताना ब्रेक पॅडचा एक जादा जोड, ब्रेक फ्लुइडची बाटली आणि गाडी टोचन करून परत आणावी लागली तर त्याचे पैसे वेगळे ठेवा.